भोपाळमध्ये वासुदेव

"शाखेत चाललीस का गं?" झेलम एक्सप्रेसने दौंड सोडलं तेव्हा मैत्रिणीचा मेसेज आला. तिला हसू येणारच होतं. 2015 साली एफटीआयआयमध्ये, पुण्याच्या सरकारी फिल्म संस्थेत, केंद्राने नेमलेल्या अध्यक्षाविरुद्ध विद्यार्थ्यांचा 139 दिवस संप चालला, तेव्हा आम्ही दोघी डबे घेऊन तिथं लॉ कॉलेज रोडला जायचो. आणि आता मी निघाले होते चित्र भारती महोत्सवाला. तो भरवणारी भारतीय चित्र साधना ही संस्था संघविचाराची, आणि ते कुणी लपवतही नाही. इंदूर, दिल्ली, अहमदाबाद झालं होतं. मार्च 2022 मध्ये पाळी भोपाळची होती.

मी संकलक आहे. मी कापलेला एक छोटा माहितीपट तिथं निवडला गेला होता. तो करणारा कोल्हापूरचा पोरगा परीक्षेत अडकला आणि म्हणाला, "ताई, तुम्हीच जाऊन या." खरं तर मलाही जायचं होतं. आमचं काम बंद खोलीत, हेडफोन लावून चालतं. आपण कापलेली फिल्म चार अनोळखी माणसांच्या मध्ये बसून बघायला मिळणं ही चैन आहे.

उद्घाटनाचा दिवस अक्षयकुमारचा. 'द काश्मीर फाइल्स' लागून दोन आठवडे झाले होते, मध्य प्रदेशात तो करमुक्त होता, आणि जिथं जावं तिथं त्याचीच चर्चा. अक्षयचा 'बच्चन पांडे' त्यानंतर आठवड्याभराने आलेला. या लाटेने माझाही सिनेमा बुडवला, असं तो स्टेजवरून हसत हसत बोलून गेला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेवढंच छापून आलं. महोत्सव म्हणजे बाहेरच्यांना दिसला तो एवढाच.

पण गर्दी ओसरल्यावर शहराबाहेर, बिशनखेडीला, माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठाच्या आवारात जे चाललं होतं ते वेगळंच होतं. विद्यार्थ्यांच्या फिल्म्स. विहीर, आजी, गाय, शाळा, कुंभार. मी द्वेष शोधायची तयारी करून गेले होते, आणि समोर निघाल्या एकामागून एक सज्जन फिल्म्स. मी बघितलेल्या बहुतेकींत भांडणच नव्हतं. गावात अडचण आहे, एक भला माणूस येतो, अडचण सुटते, ड्रोन वर जातो, बासरी वाजते. तिसऱ्या फिल्मला शेवटचा कट कुठे पडणार ते मी मनात मोजायला लागले आणि दोनदा बरोबर आले. (आमच्या विचारांच्या महोत्सवांतही मी हे करते. तिथं शेवटी बंद गिरणीचं फाटक आणि काळी फ्रेम असते.)

मग आमची लागली. सातारा भागातला एक वासुदेव. मोरपिसांची टोपी, चिपळ्या, पहाटेची फेरी, "दान पावलं". त्याचा मुलगा पार्सलं पोचवतो, टोपी घालायला साफ नकार देतो. "लोकांच्या दारात हात पसरून उभं राहायचं नाही मला," हे त्याचं वाक्य फिल्मचा कणा आहे, असं मी कापताना धरलं होतं. शेवटी कपाटावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली टोपी दिसते आणि बाहेरून मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज येतो. मी टोपी चार सेकंद ठेवली होती. दिग्दर्शक पोरगा म्हणाला, नऊ ठेवा. मी ठेवली. फार वाद घातला नाही, रात्रीचा दीड वाजला होता.

मुलाच्या त्या वाक्याला हॉलमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. टोपी आली. पाचव्या सेकंदाला मागून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. मोटरसायकलचा आवाज मी सुटकेचा म्हणून लावला होता. त्या अंधारात तो मलासुद्धा कुणीतरी घर सोडून गेल्यासारखा ऐकू आला. टाळ्या मात्र दणदणीत पडल्या.

बाहेर चहाच्या रांगेत एक काका आले. देवासचे, तीन पिढ्या माळव्यात, घरी मराठी. डोळे ओले होते. "लहानपणी आजी सांगायची वासुदेवाचं. ताई, तो मुलगा परत घालतो ना टोपी? पुढे?"

"नाही काका. त्याला नकोय ते."

"आज नको असेल. लग्न झालं की घालेल." मग जरा थांबून, "तुम्ही त्याला समजावलं नाहीत?"

मी म्हटलं, त्याच्या बापाला गावात काय काय ऐकून घ्यावं लागतं ते फिल्ममध्ये आहे की. काका म्हणाले, हो, ते पाहिलं, म्हणूनच तर समाजाने त्यांना मान दिला पाहिजे. यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. माणूस खोटं बोलत नव्हता. माझ्याच फिल्ममधली माझ्याच क्रमाने लावलेली दृश्यं बघून तो तिथं पोचला होता. त्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले, मला देऊ दिले नाहीत.

परतीच्या गाडीत लॅपटॉप उघडला. टोपी चार सेकंदांवर आणली, बघितली. पुन्हा नऊ केली. खांडवा येईपर्यंत हेच.

पुण्यात पोचल्यावर त्या मुलाचा, म्हणजे वासुदेवाच्या मुलाचा, फोन आला. दिग्दर्शकाने नंबर दिला असावा.

"मॅडम, मोठ्या पडद्यावर लावली म्हणं. गाडी दिसती का माझी?"

"आवाज येतो," मी म्हटलं.

"दिसत नाही व्हय?"