पाव फूल

पणजीहून येताना मी पाव फूल घेऊन आले.

तिथल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत घरांच्या नावांच्या, नंबरांच्या निळ्या-पांढऱ्या फरशा येता-जाता दिसतच होत्या. पण इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या दालनात शिरले आणि पाय निघेना. भिंतींवर अशाच फरशांत रंगवलेले पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग, काम १९३५ सालचं. चित्रकार जॉर्ज कोलासू. पोर्तू शहरातल्या सांव बेंतू स्टेशनच्या भिंतींवर सुमारे २०,००० फरशा आहेत, त्याही ह्याच गृहस्थांच्या! या फरशांना म्हणतात आझुलेजू. पोर्तुगीजमध्ये ‘आझुल’ म्हणजे निळा, तेव्हा अर्थ लावून मी मोकळी झाले होते. पण शब्द निघाला मूळचा अरबी. अर्थ, घोटून गुळगुळीत केलेला लहानसा दगड.

मग एका कार्यशाळेत या फरशा रंगवताना बघायला मिळाल्या. टोचे मारलेला कागद फरशीवर ठेवायचा आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. कागद उचलला की खाली ठिपक्यांची नक्षी. आपली छाप्याची रांगोळीच की! पुढचं मात्र रांगोळीसारखं नाही. फरशीवरचा कच्चा लेप वाळलेल्या चुन्यासारखा. कुंचला टेकला की पाणी शोषून घेतो. चुकलं तर पुसायची सोय नाही. आणि रंग तरी कसला, मळकट करडा! निळा तो भट्टीतून बाहेर आल्यावर. रंगवणाऱ्या बाई निळा न दिसता निळा रंगवत होत्या, वर माझ्याशी गप्पाही मारत होत्या.

जुन्या भिंतींवरच्या नक्षीची एक गंमत असते. एका फरशीवर फुलाचा एकच कोपरा. चार फरशा जुळल्या की फूल पुरं. चारांची किंमत ऐकून मी एकच घेतली. साधारण १४ सेंटिमीटर लांबी-रुंदीची. एका बाजूला किंचित जास्त जाड, हाताने केल्याची खूण.

घरी आईने ती उलटसुलट करून पाहिली. “कुणाच्या मोरीची उरलेली गं ही?” दुसऱ्या दिवशी तिच्यावर दुधाचं गरम पातेलं. महाल उभारणाऱ्यांनी भिंतीवर चढवलेली नक्षी आमच्या ओट्यावर आडवी झाली. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. पातेलं तिच्यावर शोभत होतं.

गेल्या रविवारी भाचा आला. शाळेच्या प्रयोगासाठीचे दोन सपाट आरसे त्याच्याजवळ होते. फरशीच्या ज्या कोपऱ्यात फुलाचं केसर येतं, तिथे त्याने ते कडांवर काटकोनात उभे धरले. आरशांत तीन पाकळ्या उमटल्या, चौथी समोर होतीच. अख्खं निळं फूल!

आई पातेलं चिमट्यात धरून मागे उभी. “छान आहे रे,” ती म्हणाली, “पण आता हे कुठे ठेवू?”