निफाडची थंडी, सेलफिन मॉली आणि रस्किनची युक्ती

मंडळी, जमलं! पहाटे ५ ला हवेत ७ डिग्री आणि बाहेरच्या सिमेंट टाकीत २१!! मागच्या वेळी सांगितलं होतं ना, एका रात्रीत पाणी १४ वर आलं आणि सेलफिन मॉलीची (अंडी न घालता थेट पिल्लं देणारा शोभेचा मासा) अर्धी बॅच गेली, तेव्हापासून झोप उडाली होती. हजार लिटरला हीटर लावायचा तर बिल परवडत नाही.

मग रस्किनबद्दल वाचत बसलो. फ्लोरिडात टँपाजवळचं छोटं गाव, १९०८ ला समाजवादी वसाहत म्हणून वसलेलं, टोमॅटो पिकवणारं. त्या हिल्सबरो काउंटीत १९३० च्या दशकापासून शोभेचे मासे वाढवतात, वाळूची जमीन, पाणी वरच, खड्डा खणला की तळं. पण थंडी त्यांनाही सोडत नाही, जानेवारी २०१० मध्ये तर तळीच्या तळी मासे मेले. म्हणून ते तळ्यावर प्लास्टिक ओढतात आणि रात्रभर विहिरीचं पाणी सोडतात, जमिनीखालचं पाणी साधारण २२ डिग्रीचं असतं ना. अहो, आपले द्राक्षवाले पहाटे बागेला विहिरीचं पाणी देतात ते हेच की!

शेतीची लाइट रात्रीचीच, त्यामुळे बोअर सुरू करून पाइप थेट टाकीत सोडला. पाणी गार झालं नाही पण सकाळी सगळे मासे वर येऊन तोंड वासतायत. सलग तीन दिवस हेच. अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात येणारं विष) तपासला तर शून्य, मीठ टाकलं, खाणं बंद केलं, एअरपंप दुसरा लावला, फरक नाही. चौथ्या दिवशी डोक्यात आलं की बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन नावालाच असतो आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर. मग डब्याला भोकं पाडली, आत खडी भरली, टाकीच्या दोन फूट वर टांगला, आता पाणी पावसासारखं पडतं. त्या दिवसापासून एकही मासा वर नाही, पिल्लंसुद्धा तळाशी चरतायत, बघत राहावंसं वाटतं! ओव्हरफ्लो शेवग्याच्या आळ्यात.

थर्मामीटर प्रोबवाला डिजिटलच घ्या, काचेवर चिकटवायची पट्टी माझ्याकडे २ डिग्री जास्त दाखवत होती.

एंजल मासेही (हे अंडी घालतात) बाहेरच्या टाकीत सोडणार होतो, पण लिहितालिहिता विचार बदलला. रस्किनकडे अंडी घालणाऱ्यांची ब्रीडिंग आत हॅचरीत होते आणि फ्राय, म्हणजे बारकी पिल्लं, मग तळ्यात जातात, पिल्लं देणारे तेवढे तळ्यातच वाढतात. मीही तसंच करतो. आणि तळ्यात जिवंत खाणं तयार व्हावं म्हणून ते सरकीची पेंड टाकतात, ती तर आपल्या गोठ्यातच पडलीये, रिकाम्या टाकीत रविवारी मूठभर टाकून बघतो.