मग वजन किती उतरलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. एरवी लिहिले नसते. टेकडीवरून उतरताना, सोसायटीच्या जिन्यात, पालकसभेनंतरच्या चहाला आणि एकदा तर तेराव्याच्या जेवणाच्या पंगतीतसुद्धा मला हा प्रश्न विचारला गेला आहे. आम्ही भाजी आणायला चालत जातो, लिफ्ट असून चार मजले चढतो, आठवड्यातून चार दिवस घरात भाकरी असते आणि रात्रीचे जेवण पाचही जण एकत्र बसून घेतो, हे सगळे ऐकून घेतल्यावर समोरची व्यक्ती जरा थांबते आणि विचारते, "मग मुलाचं वजन किती उतरलं?" मी हसते आणि विषय बदलते. त्या हसण्याचा अर्थ 'काहीच उतरले नाही' असा लावला जातो, हे मला ठाऊक आहे.

आधी माझी बाजू मांडते. माझे वडील अतिशय सडपातळ होते. त्यांचा सदरा खांद्यावर टांगल्यासारखा दिसायचा. त्यामुळे त्यांना मधुमेह निघाला तेव्हा नातेवाइकांनी तपासणीचा कागदच खोटा ठरवला, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही तेच पटवून घ्यायचे होते. जेवणानंतर गुळाचा खडा आणि दिवसातून सहा वेळा गोड चहा हे त्यांचे चालूच राहिले. बारीक माणसाच्या ताटाकडे कोण पाहतो? पुढे चप्पल चावल्याचे निमित्त झाले, जखम भरेना, आधी अंगठा काढावा लागला आणि मग गुडघ्याखालचा पाय. 2016 मध्ये ते गेले. त्यानंतर माझ्या मनात जो धसका बसला, त्यातून आमच्या घरातले हे सगळे सुरू झाले. चांगल्या सवयींची हौस वगैरे नंतर आली.

2018 च्या जून महिन्यात मी वजनकाटा आणला. मी सहकारी बँकेत नोकरी करते आणि संध्याकाळी ताळा जमल्याशिवाय मला खुर्चीवरून उठवत नाही. त्यामुळे काट्यापाठोपाठ फ्रिजवर तक्ता लागणे ओघानेच आले. दर रविवारी सकाळी, टेकडीवर किंवा पर्वतीला जाण्यापूर्वी, सगळ्यांनी एकेक करून काट्यावर उभे राहायचे आणि मी आकडा लिहायचा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी "मला काय बाजारात विकायचंय का?" असे विचारून अंग काढून घेतले. नवऱ्याने तीन-चार आठवडे सोसले. धाकटी सात वर्षांची होती, तिला काट्याचा दिवा लागण्याचीच गंमत वाटायची. राहिला थोरला. तो सहावीत होता, अंगाने भरलेला होता, आणि तो तक्ता खऱ्या अर्थाने त्याच्यासाठीच होता, हे त्याच्यासह घरातल्या सर्वांना कळत होते. मी मात्र ते कबूल करत नव्हते. ताटावर तो दुसऱ्यांदा भात मागू लागला की मी काही बोलत नसे, नुसती पाहत असे. सासूबाई एकदा म्हणाल्या, "जेवत्या लेकराच्या ताटाकडं असं बघू नये." दृष्ट लागण्याची जुनी समजूत म्हणून मी ते सोडून दिले.

आकडे उतरत होते. कधी दोनशे ग्रॅम, कधी चारशे. मी ते लिहिताना 'शाबास' म्हणत असे आणि त्या शब्दाचा मला अभिमान होता, कारण मी त्याला कधी रागावत नव्हते.

2019 च्या एप्रिलमधला रविवार. वार्षिक परीक्षा नुकतीच संपली होती. काटा झाला, तक्ता झाला, शाबास झाले आणि आम्ही पर्वतीला गेलो. निघायला उशीर झाल्यामुळे ऊन चांगलेच वर आले होते. पर्वतीच्या पायऱ्या 103 आहेत, रुंद आणि पायाला सोप्या. आमच्या पुढे सत्तरीतली माणसे गप्पा मारत चढत होती. अर्ध्याच्या वर गेल्यावर थोरला मागे राहिला. मी वरूनच हाक मारली, "चल रे, आजीसुद्धा पुढे गेल्या तुझ्या." हे वाक्य मी हसत म्हटले होते. आजूबाजूचे दोघे-तिघेही हसले. त्याने दोन पायऱ्या आणखी चढल्या, कठड्याला हात टेकला आणि तो बसला; बसला असे मला वाटले, पण तो कलंडत होता. नवरा माझ्याआधी पोहोचला. मुलाचे ओठ पांढरे पडले होते आणि कपाळाला हात लावला तर घाम गार होता. उतरणाऱ्या एका आजोबांनी पिशवीतून स्टीलची बाटली काढली, झाकणात लिंबाचे सरबत ओतले आणि त्याच्या तोंडाशी धरले. त्याने डोळे उघडले, झाकणाकडे पाहिले आणि मग आजोबांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, "आई, यात साखर आहे का?"

आजोबा म्हणाले, "पी बाळा, पी." मी काहीच म्हणाले नाही. माझ्या तोंडून 'पी' हा एक शब्द निघायला जो वेळ लागला, तो मला अजून मोजता आलेला नाही.

घरी आल्यावर कळले ते असे. पेलाभर पाणी प्यायले की काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो, हे त्याने स्वतः करून पाहिले होते. त्यामुळे शनिवारी दुपारनंतर तो पाणी पीत नसे. शनिवारी रात्रीचा भात तो "भूक नाही" म्हणून सोडतो, याचे मी बँकेत कौतुकाने वर्णन केले होते. "कधीपासून?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "दिवाळीपासून." म्हणजे मी ज्या आकड्यांना शाबास म्हणत होते, त्यांतले किती चालण्याचे होते आणि किती तहानेचे, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पैशांचा ताळा चुकला की मी रात्रभर बसून चूक शोधते. इथे पाच महिने खोटा ताळा माझ्याच अक्षरात फ्रिजवर लावलेला होता.

दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी त्याची उंची मोजली, जुन्या नोंदी पाहिल्या आणि मला विचारले की या वयाच्या वाढत्या मुलाचे वजन उतरावे, असे तुम्हाला कोणी सांगितले? उंची वाढते आहे, वजन फार पुढे पळू नये इतके पाहा, बाकी त्याला खेळू द्या, असे ते म्हणाले. मला कोणीही सांगितले नव्हते. मी ठरवले होते.

त्यानंतर केव्हातरी मी आपल्या पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याविषयी वाचले. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले गेले. उंचीच्या हिशेबात वजन पाहिले तर दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3, पण शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी लपलेली असू शकते, हे त्या एका चित्राने दाखवले. ते वाचताना मला वडिलांचा तो टांगलेला सदरा दिसत होता. ज्यांच्या आजाराच्या धसक्याने मी काटा आणला, त्यांना त्या काट्यावर उभे केले असते तर त्याने 'सर्व ठीक आहे' असेच सांगितले असते.

तरीही 2018 मधली मी पूर्ण चुकीची होते, असे मला म्हणवत नाही. ती मला अजून विचारते की न मोजता कळणार कसे? डॉक्टर मोजतातच ना? नवऱ्याची साखर गेल्या वर्षी सीमारेषेवर आली, ती रक्त तपासले म्हणूनच कळली आणि त्यानंतर त्याने फरसाणाचा डबा स्वतःहून बंद केला. वडिलांच्या ताटाकडे वेळेवर कोणी पाहिले असते तर कदाचित त्यांचा पाय राहिला असता. एका ताटाकडे कोणी पाहिले नाही आणि दुसऱ्याकडे मी फार पाहिले, या दोहोंच्या मधली जागा नेमकी कुठे आहे, ते मला सापडलेले नाही. धाकटी आता चौदा वर्षांची आहे. ती शाळेतून येताना वेफर्सची पुडी घेऊन येते, माझ्यासमोर फोडते आणि मी गप्प बसते. ते शहाणपण आहे की भीती, मला सांगता येत नाही.

तक्ता गेला, चालणे राहिले. पण ते जितके सोपे ऐकू येते तितके नाही. आमच्या रस्त्यावरच्या पदपथावर दुचाक्या लावलेल्या असतात, म्हणून भाजीच्या पिशव्या घेऊन आम्ही एकामागे एक, मुंग्यांसारखे, गाड्यांच्या कडेने येतो. मुलांनी रोज सरासरी तासभर घाम येईल असे हालावे, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परीक्षा जवळ आली की शाळा खेळाचा तास गणिताला देते, आणि त्या पालकसभेत टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या ताटात 2000 कॅलरींच्या आहाराला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आहेत. आमच्या पाच जणांना तेवढ्याच धरल्या तर दोन किलो झाल्या. त्या आणणे, निवडणे, धुणे, चिरणे हे कोणाच्या हातांनी होते, ते त्या ताटात दिसत नाही. आम्ही निम्म्यावर पोहोचतो. मेथीची जुडी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर पसरलेली असते, येता-जाता जो बसेल त्याने चार काड्या निवडायच्या. नवरा देठांसकट निवडतो, धाकटी निवडता निवडता कोवळी पाने तोंडात टाकते, आणि सासूबाई दोघांचेही पुन्हा निवडतात. भाकरी मात्र अजून मीच थापते, पहाटे सव्वापाचला उठून, आणि 'घरचे ताजे अन्न' हे शब्द भाषणात ऐकले की मला ती वेळ आठवते.

थोरला अठरा वर्षांचा झाला. हे लिहून झाल्यावर मी त्याला दाखवले. त्याने दोन वाक्ये खोडली, सरबताचे ठेवले. त्याचे वजन किती, हे मला माहीत नाही. तुमच्या प्रश्नाचे माझ्याजवळ असलेले उत्तर एवढेच आहे.

काटा मी फेकला नव्हता, माळ्यावर ठेवला होता. गेल्या पावसाळ्यात थोरला व्यायामशाळेत जाऊ लागला आणि एका संध्याकाळी त्याने सहज विचारले, "आपला काटा कुठंय गं?" मी सांगितले. त्याने स्टूल घेतले, काटा काढला, पुसला, नवीन सेल घातले आणि आपल्या खोलीत नेला. रविवारी सकाळी त्याच्या बंद दारामागून काट्याचा बारीकसा 'टिक' असा आवाज येतो. मी तेव्हा ओट्याशी असते. आदल्या रात्री त्याने पाणी प्यायले होते का, हे मी त्याला अजून विचारलेले नाही. त्याच्या पलंगाशेजारची बाटली मात्र खोली झाडताना उचलून पाहते.