वेळासची कासवं: कुणी ‘हमखास पिल्लं’ म्हणालं की फोन ठेवा

सगळ्यात आधी हे सांगते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात, पण त्यांची पिल्लं ‘हमखास’ दाखवणं कुणाच्याही हातात नाही. वनखात्याच्या नाही, कासवमित्रांच्या, म्हणजे अंडी राखणाऱ्या गावकऱ्यांच्या नाही आणि व्हॉट्सअॅपवर रंगीत जाहिरात फिरवणाऱ्या सहल-एजंटच्या तर मुळीच नाही. आम्हाला आलेल्या जाहिरातीत तीन गोष्टी होत्या: हमखास पिल्लं, मुलांना स्वतःच्या हातांनी पिल्लं सोडायला मिळणार, आणि मंडणगडहून अर्ध्या तासात वेळास. तिन्ही खोट्या निघाल्या. ‘पिल्लं सोडण्याचा अनुभव’ या नावाखाली माणशी चारशे रुपये जादा घेतले होते, मुलांनाही सवलत नाही. त्या चारशे रुपयांबद्दल पुढे बोलणारच आहे, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

सोबत भाचा, भाची आणि त्यांचे मित्रमैत्रिणी. वयं आठ ते तेरा.

आधी रस्ता. मंडणगड सोडल्यावर बाणकोट-वेळासकडे जाणारा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, आणि समोरून एसटी आली की आपणच मागे जायचं. अर्ध्या तासाच्या दुप्पटीहून जास्त वेळ गेला. मागच्या सीटवरची दोन मुलं ओकली, तिसरं त्यांच्याकडे बघून ओकलं. सूचना साध्या आहेत, पण पाळा: निघण्याआधी दोन तास मुलांना काही खायला देऊ नका, गाडीत मोबाइल हातात देऊ नका, ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा. लहान मुलं सोबत असतील तर माझं मत स्पष्ट आहे, या रस्त्याने जाऊ नका. माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वरच्या बाजूला उतरा आणि बागमांडल्याहून फेरीबोटीने गाडीसकट वेसवीला या. मध्ये सावित्रीची खाडी आहे. बोटीत मुलं खूश असतात, पोटातलं पोटात राहतं आणि वेसवीहून वेळास जवळ आहे. आम्ही परतताना तसंच आलो.

आता किनारा. गावातून तिथे पोचायला पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं, शेवटचा भाग वाळूचा. पिल्लं सोडतात ती सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे सकाळी अर्धवट झोपेतल्या मुलांना घेऊन निघायचं. स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी किनाऱ्यावर मिळणार नाही असं धरूनच चला.

तिथे जाळीच्या कुंपणाची हॅचरी, म्हणजे अंडी सुरक्षित उबवण्याची जागा आहे. कासवमित्र पहाटे किनारा तुडवत मादीच्या पावलांचा माग शोधतात, घरटं सापडलं की अंडी उचलून तेवढ्याच खोलीच्या, साधारण दीड फुटाच्या खड्ड्यात हॅचरीत पुरतात. हे का, असं भाचीने विचारलंच. किनाऱ्यावर ठेवली तर कोल्हे, कुत्री आणि माणसं, तिघांपैकी कुणीतरी ती उकरतंच. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, दिसायला टेबल टेनिसच्या चेंडूंसारखी, पण कवच मऊ. उचलताना ती घाईने हलवायची नसतात आणि उलटीपालटी तर अजिबात करायची नसतात, कारण काही तासांतच आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. अंडं फिरलं तर तो मरतो. हे ऐकल्यावर आमच्यातला सगळ्यात दंगेखोर मुलगा कुंपणापासून आपणहून दोन पावलं मागे सरकला.

प्रत्येक घरट्यावर बांबूची टोपली उपडी घातलेली असते. ठरल्या वेळी कासवमित्र एकेक टोपली उचलतो. आमच्या पहिल्या संध्याकाळी पहिली रिकामी, दुसरी रिकामी, पुढच्याही सगळ्या रिकाम्या. दोनशेच्या आसपास माणसं जमली होती, त्यांच्यात सुस्कारा पसरला आणि पाच मिनिटांत बहुतेक जण परतीच्या वाटेला लागले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना त्याच रात्री घरी निघायचं होतं. एका कुटुंबातला मुलगा वाळूत बसून रडत होता आणि त्याचे वडील कासवमित्रावर ओरडत होते, ‘आम्ही पैसे भरलेत!’ कुणाला भरलेत ते त्यांनाही नीट सांगता येईना. एजंट तेव्हा गाडीत बसला होता.

याच चारशे रुपयांबद्दल मी म्हणत होते. पिल्लं सोडायला पर्यटकाच्या हातात देतच नाहीत. इथे येणारं ऑलिव्ह रिडले जातीचं कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. कासवमित्र पिल्लं वाळूवर ठेवतात, आपण दोरीमागून बघतो. समुद्रापर्यंतचं अंतर पिल्लानेच चालायचं असतं. या चालण्यात आणि सुरुवातीच्या पोहण्यात त्या किनाऱ्याची ओळख त्याच्या मेंदूत पक्की होते आणि मोठी झालेली मादी त्याच भागात अंडी घालायला परत येते, असं शास्त्रज्ञ मानतात. मग ‘स्वतःच्या हातांनी सोडा’ हे विकणारा माणूस तुम्हाला कायदा मोडण्याची फी मागतोय, आणि तीही न मिळणाऱ्या गोष्टीची. आम्ही भांडून निम्मे पैसे परत घेतले. ज्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी राहण्या-जेवणाचा खरा दर सांगितल्यावर कळलं की उरलेल्यातही एजंटचा वाटा भरपूर होता. थेट गावात फोन करा. वेळासमध्ये घरोघरी राहण्याची सोय होते. इथलं कासवांचं काम २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन सुरू केलं, आणि पर्यटनाचे पैसे गावात राहिले तर गाव अंडी राखतं हे त्यातलं साधं गणित आहे. मध्ये एजंट घुसवून ते बिघडवू नका.

राहायचं किती? एका रात्रीसाठी येऊ नका. दोन रात्री धरल्यात तर तीन-चार वेळा टोपल्या उचलताना बघायला मिळतं. आणि निघण्याआधी फोनवर ‘पिल्लं दिसतील का?’ असं विचारू नका, समोरचा ‘या की’ म्हणणारच. ‘पंचेचाळीस दिवस ओलांडलेली घरटी किती आहेत?’ असं विचारा. अंड्यांतून पिल्लं यायला ४५ ते ६० दिवस लागतात. हॅचरीत प्रत्येक घरट्याजवळ तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली असते. आमच्या मुलांनी रिकाम्या संध्याकाळी उभ्या उभ्या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी केली आणि दोन घरट्यांवर पैज लावली. माणसं निघून गेल्यावर कासवमित्रालाही बोलायला सवड होती, त्याने मुलांच्या एकूणएक प्रश्नांना उत्तरं दिली.

मुलांना सगळ्यात जास्त काय आवडलं ते लिहून ठेवते, तुमच्या मुलांना गाडीत सांगायला उपयोगी पडेल. घरट्यात नर होणार की मादी, हे वाळूचं तापमान ठरवतं. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. (‘म्हणजे जग तापलं की सगळ्या मुलीच?’ हे भाचीचं. हो, नेमकी तीच काळजी आहे.) समुद्री कासवाला डोकं आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. यावर कुणाचा विश्वास बसेना, कारण चित्रकथेतलं प्रत्येक कासव तेच करतं. अंडी घालताना मादीच्या डोळ्यांतून पाणी येतं ते रडणं नसतं, प्यायलेल्या खाऱ्या पाण्यातलं जास्तीचं मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर पडत असतं. आणि अंडी पुरून झाली की आई समुद्रात निघून जाते, पिल्लांचं तोंडही बघत नाही. हे ऐकून आठ वर्षांची दोघं थोडा वेळ गप्प होती.

प्रथमाची गोष्टही सांगा. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेला टॅग बसवला होता, तिचं हे नाव. आणखी चक्रावणारी गोष्ट गुहागरची. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. नकाशा काढून मुलांना भारताचा पूर्व आणि पश्चिम किनारा बोटाने फिरायला लावा, श्रीलंकेला वळसा घालून. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, या समजाला तिने धक्का दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैजेतल्या एका घरट्यावरची टोपली उचलली आणि खाली काळपट, जेमतेम दीड इंचाची पिल्लं वळवळत होती. मोठेपणीचा ऑलिव्ह हिरवट रंग पिल्लांना नसतो. संख्येवरून मुलांचं भांडण झालं, अठ्ठावीस की एकोणतीस. ती एकेकटी वर येत नाहीत. खाली सगळी मिळून वाळू ढकलतात आणि वरची वाळू थंड झाली की बाहेर पडतात, म्हणून बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे. ती वाळूवर ठेवली आणि पुढचा अर्धा तास मी एजंटला पूर्णपणे विसरले होते. एक पिल्लू उलट्या दिशेने निघालं, मुलं ‘अरे इकडे, इकडे!’ म्हणून ओरडायला लागली तेव्हा कासवमित्राने सगळ्यांना गप्प केलं. पिल्लं उजळ क्षितिजाकडे जातात. म्हणून फ्लॅश नको, टॉर्च नको, मोबाइलचा पडदाही नको. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी तीनदा फ्लॅश उडवला आणि तिन्ही वेळा ‘चुकून’ म्हणाले. कॅमेरा गाडीतच ठेवा, फोटो तसेही मुंग्यांचे असावेत असे येतात. दुर्बीण मात्र आणा, किनाऱ्याजवळच्या झाडांवर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसू शकतो.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत नव्हती, आणि ती बघण्यासाठीच मी पुन्हा येईन. घरट्यातून पिल्लं बाहेर आली की काही दिवसांनी कासवमित्र ते उकरतात. फुटलेली कवचं मोजतात, न उबलेली अंडी मोजतात, मुळांत किंवा वाळूत अडकलेलं जिवंत पिल्लू असेल तर सोडवतात. हे कधी आहे ते विचारून ठेवा. गर्दी नसते, दहा-बारा माणसं. मुलांना एका ओळीत बसवलं आणि मोजणीचे आकडे त्यांनीच वहीत लिहिले.

कोळ्यांबद्दल मुलांच्या मनात राग भरू देऊ नका, आमच्याकडे तो भरायला लागला होता. मोठी कासवं जाळ्यात अडकून गुदमरतात हे खरं, कारण त्यांना श्वासासाठी वर यावंच लागतं. पण महाराष्ट्रात २०१८ पासून संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळं कापलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची योजना आहे, आणि जाळं कापून कासवं सोडणारे कोळी आहेत. मुलांना करता येण्यासारखं काम पिशवीचं. पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी आणि जेलीफिश यांत कासवाला फरक कळत नाही, आणि जेलीफिश त्याचं खाद्य. आम्ही दुपारी किनाऱ्यावरून दोन गोणी भरल्या. ऊन भयंकर होतं, टोपी आणि हातमोजे लागतातच, चपलांपेक्षा बूट बरे.

बाकी बाणकोटचा किल्ला, हरिहरेश्वर, काकूंच्या हातचे मोदक: सगळं छान, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर हा काळ धरा, आणि शनिवार-रविवार टाळता आला तर नक्की टाळा, नाहीतर मुलांना फक्त पुढच्या माणसाची पाठ दिसते. टाळता येत नसेल तर कुंपणाशी अर्धा तास आधी जाऊन मुलांना पुढे बसवा. परतताना वेसवीला रविवारी दुपारी गाड्यांची रांग लागते, जेवण लवकर उरकून निघा. आणि बोटीच्या वेळा त्याच दिवशी सकाळी गावात विचारा, जाहिरातीत बघू नका.