चार अक्षरं आणि एक मुका चौकोन

इंग्रजी शब्द शोधून देणाऱ्या वेबपानांवर एक चौकोन असतो. वर लिहिलेलं असतं, 'अक्षरं टाका'. टाकलेल्या अक्षरांचं पुढे नेमकं काय होणार, हे मात्र कुठेही लिहिलेलं नसतं. माझा सगळा राग त्या चौकोनावर आहे, त्यामुळे बाकीचं भराभर सांगून टाकते.

एका कोड्यात प्रश्न होता: पी, एच, वाय आणि एक्स ही चारही अक्षरं असलेला लांबात लांब इंग्रजी शब्द शोधा. क्रमाची अट नाही, बाकीची अक्षरं कोणतीही आणि कितीही. मला लगेच झायलोफोन सुचला. त्यात चारही आहेत, पण शब्द नऊच अक्षरी. याहून मोठे डझनावारी असणार, म्हणून म्हटलं यंत्राला विचारू.

पहिल्या पानाने मला 'पिक्स' दिला. पी-वाय-एक्स. ख्रिस्ती उपासनेत वापरतात ती छोटी डबी. मी मागितला लांबात लांब आणि मिळाला तीन अक्षरी! यामागचं कारण साधं आहे. ही पानं मुळात सोंगट्या मांडून शब्द करायच्या खेळासाठी बनवलेली असतात. हातात अमुक सोंगट्या आहेत, त्यांतून काय काय होईल, एवढंच त्यांना कळतं. तिथे दिलेली अक्षरं ही कमाल मर्यादा असते. माझ्या प्रश्नात तीच किमान मर्यादा होती. दोन्ही प्रश्न एकमेकांच्या बरोब्बर उलटे, पण चौकोन तोच.

दुसरं पान जास्त धोकादायक निघालं, कारण त्याची उत्तरं चुकीची नव्हती. तिथे 'शब्दात असलेली अक्षरं' असा वेगळा रकाना होता. मी पी, एच, वाय, एक्स याच क्रमाने टाकली आणि अस्फिक्सिया, अस्फिक्सिएट, अस्फिक्सिएशन अशी सगळी गुदमरण्याची मंडळी हजर झाली. अस्फिक्सिएशन बारा अक्षरी, चारही अक्षरं आत. एखाद्याने तिथेच थांबून उत्तर पाठवून दिलं असतं. मला खटकलं ते एवढंच, की यादीत झायलोफोन का नाही? मी क्रम बदलून एक्स, वाय, पी, एच टाकलं, तर 'एकही शब्द सापडला नाही'. म्हणजे ते पान चार अक्षरं शोधतच नव्हतं. ती एकमेकांना चिकटून, त्याच क्रमाने आलेली शोधत होतं. अस्फिक्सियाच्या स्पेलिंगमध्ये ए-एसनंतर नेमकं पी-एच-वाय-एक्स येतं, निव्वळ योगायोग. सगळी यादी रिकामी आली असती तर निदान संशय तरी आला असता. इथे अर्धवट यादी पूर्ण असल्याच्या थाटात समोर येते.

तिसऱ्या पानावर अक्षरांच्या मध्ये तारका टाकायची सोय होती. तारका म्हणजे मध्ये काहीही चालेल. आता अॅनाफिलॅक्सिस आला, प्रोफिलॅक्सिस आला, द्राक्षमळे पोखरणारा फिलॉक्सेराही आला. झायलोफोन नाहीच. कारण तारकांनी चिकटलेपण सुटतं, क्रम सुटत नाही. चार अक्षरांचे क्रम चोवीस होतात. चोवीस वेळा तारकांची तीच माळ उलटसुलट टाकायची आणि सगळ्या याद्या एकत्र करायच्या? ज्याने हा चौकोन बनवला त्याने एकदा तरी हे स्वतः करून बघावं.

या वैतागातून एक उपयोगाची चाचणी मात्र हाती लागली. कुठल्याही पानावर विश्वास टाकण्याआधी पी-एच-वाय-एक्स टाकून बघा. पिक्स आला तर ते पान फक्त दिलेल्या अक्षरांतून शब्द जुळवतंय. फक्त अस्फिक्सियाचं कुटुंब आलं तर अक्षरं चिकटून हवीत. अॅनाफिलॅक्सिस आला पण झायलोफोन नाही, तर क्रम पाळला जातोय. झायलोफोन आला, तरच ते पान तुमच्या कामाचं. आणि जिथे नुसत्या पी किंवा नुसत्या एचचे हजारो शब्द कोसळतात, तिथे चारांपैकी कोणतंही एक अक्षर पुरतंय. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या सांकेतिक भाषेत, चौकटी कंसात अक्षरं लिहिली की नेमकं हेच होतं.

शेवटी पानांचा नाद सोडला आणि शब्दांची यादीच घेऊन बसले. मॅकवर ती आधीपासून असते: यूएसआर नावाचं फोल्डर, त्यात शेअर, त्यात डिक्ट, त्यात वर्ड्स नावाची फाइल. सुमारे २ लाख ३५ हजार शब्द, एका ओळीत एक. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ग्रेप या ओळी गाळणाऱ्या आज्ञेने आधी पी असलेले शब्द काढायचे, ते पाइपने (दोन आज्ञांमधली उभी रेघ) पुढच्या ग्रेपकडे द्यायचे, तो एचवाले काढतो, मग वाय, मग एक्स. चार साध्या गाळण्या, एकामागे एक. क्रमाचा प्रश्नच उरत नाही. एकाच ओळीत सगळं बसवणारी लुकअहेडची (पुढे अमुक अक्षर आहे का हे आधीच डोकावून बघायची) युक्ती बरेच जण सुचवतात, पण मॅकच्या स्वतःच्या ग्रेपला ती चालत नाही. चार ग्रेप लिहा आणि मोकळे व्हा.

टर्मिनलची भीती वाटत असेल तर यादी एक्सेलमध्ये टाका. प्रत्येक अक्षराला सर्च फंक्शनचा एक रकाना, लांबीसाठी लेन, मग लांबीप्रमाणे उतरता क्रम. फाइंड वापरू नका, ते कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरतं. (ग्रेपही धरतं, तसं नको असेल तर त्याला मायनस आय (-i) सांगावं लागतं. हे वरच सांगायला हवं होतं.) एखादं अक्षर दोनदा हवं असेल, उदाहरणार्थ दोन एल, तर असं अक्षर आहे का बघून भागत नाही. सब्स्टिट्यूटने ते अक्षर काढून टाकायचं आणि लांबी किती कमी झाली ते बघायचं.

मॅकच्या फाइलमधून वर आला तो फॉर्माल्डिहाइडसल्फॉक्झिलेट. चोवीस अक्षरी रसायन! नियमाने जिंकला असता, पण असं उत्तर पाठवायला मला लाज वाटली. आणि ही फाइल आहे १९३४ च्या वेब्स्टर कोशावरून केलेली. उदाहरणार्थ सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं नावच १९४८ चं, ते तिथे कुठून येणार? अनेकवचनं आणि क्रियापदांची रूपंही त्यात बहुतेक नाहीत. त्यासाठी शब्दखेळवाले वापरतात ती एनेबल नावाची खुली यादी बरी, साधारण १ लाख ७३ हजार शब्दांची. उतरवून घेतलेल्या यादीत कधी कधी ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह असतं आणि प्रत्येक शब्दाची लांबी एकने जास्त दिसते. तेव्हा एक ओळखीचा शब्द बोटांवर मोजून घ्या.

गंमत म्हणजे माझं उत्तर शेवटी यादीतून आलंच नाही, यादीने फक्त शिक्कामोर्तब केलं. गाळण्या लिहिताना लक्षात आलं की 'हायपर' या उपसर्गातच एच, वाय, पी तिन्ही आहेत. राहिला फक्त एक्स! हायपरएक्स्टेन्शन चौदा, हायपरएक्साइटेबिलिटी सतरा. 'सायको'मध्येही पी, वाय, एच आहेत, म्हणून सायकोसेक्शुअॅलिटी, पंधरा. 'हायड्रॉक्सी' घेतलं तर एच, वाय, एक्स आयतेच मिळतात आणि पी तेवढा शोधायचा. त्या तिन्ही पानांनी यातला एकही शब्द मला दाखवला नव्हता, आणि ही गोष्ट मी अजूनही लोकांना सांगत फिरते.

मी हायपरएक्साइटेबिलिटी पाठवला. अनेकवचन केलं तर तो एकोणीस अक्षरी होतो, पण अनेकवचन चालेल का हे कोडं घालणाऱ्याने लिहिलं नव्हतं. तुम्ही आधी विचारून घ्या.