पडद्यावरचा राणी रंग

पुण्यातल्या एका ऑफसेट छापखान्यात प्रीप्रेसचे काम, म्हणजे प्लेट निघण्यापूर्वीची रंगांची सगळी जबाबदारी, माझ्याकडे आहे. दिवाळीच्या तोंडावर पैठण्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचा कॅटलॉग आमच्याकडे छपाईला आला आणि पहिलेच प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वीचा नमुना, पाहून त्यांनी सुनावले, "राणी रंग पार मेलाय. डिझायनरच्या पडद्यावर दिसला तस्साच छापा, नाहीतर काम दुसरीकडे देतो." ही तक्रार आमच्या धंद्यात रोजची आहे. एरवी आम्ही मॅजेंटा, म्हणजे गुलाबी शाई, थोडी वाढवून दुसरे प्रूफ काढतो. या वेळी मात्र ज्या पडद्याची साक्ष काढली जात होती तोच तपासावा असे ठरवून मी कलरीमीटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजणारे यंत्र, आणि प्रूफ घेऊन डिझायनरच्या ऑफिसात गेलो आणि शेठना साडी घेऊन तिथेच बोलावले.

मॉनिटर महागडा होता, रुंद गॅमटचा, म्हणजे नेहमीच्या पडद्यापेक्षा कितीतरी भडक लाल-हिरवे दाखवू शकणारा. ब्राइटनेस मात्र शेवटपर्यंत चढवलेला आणि मोड 'व्हिविड'. छपाईच्या कामाला चौरस मीटरला 80 ते 120 कँडेला इतका उजेड पुरतो. इथे आकडा 300 च्या वर गेला. इतक्या लखलखत्या पांढऱ्याशेजारी धरला तर कोणताही कागद मळकाच दिसणार.

तरी खरी मेख वेगळीच निघाली. शेठना फोटो दाखवले होते ते एका साध्या फोटो-व्ह्यूअरमध्ये. मी तोच फोटो फोटोशॉपमध्येही उघडून दोन्ही खिडक्या शेजारी लावल्या, तेव्हा फोटोशॉपमध्ये साडी शांत गुलाबी आणि व्ह्यूअरमध्ये अक्षरशः पेटलेली दिसत होती. फोटो एसआरजीबीमध्ये होते. 1996 साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेली ही रंगव्यवस्था त्या काळच्या जाडजूड काचेच्या मॉनिटरवर बेतलेली आहे. जो प्रोग्रॅम मॉनिटरचे प्रोफाइल, म्हणजे तो पडदा रंग कसे दाखवतो याची नोंद, वाचत नाही, तो फोटोतला 255 हा लालचा सर्वांत मोठा आकडा जसाच्या तसा पडद्याकडे पाठवतो आणि रुंद गॅमटचा पडदा त्याचा अर्थ 'मला जमेल तेवढे लाल' असा घेतो. शेठ ज्या राणी रंगाच्या प्रेमात पडले होते, तो फाइलमध्ये नव्हताच.

मॉनिटर तासभर चालू असल्याने पुरेसा तापला होता. डिझायनरच्या पाठीमागच्या पश्चिमेच्या खिडकीचा पडदा ओढला, 'व्हिविड' आणि संध्याकाळी आपोआप पिवळट होणारा 'नाइट लाइट' बंद केला आणि कलरीमीटर काचेला टेकवून लावला. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या उजेडाचा, प्रकार अचूक निवडावा लागतो, कारण कलरीमीटरच्या आत रंगीत फिल्टर असतात आणि निवड चुकली तर पांढऱ्यातच हिरवट किंवा गुलाबी झाक शिरते. गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात हे ठरवणारा आकडा, 2.2 आणि उजेड 110 कँडेला ठेवला. पांढऱ्यासाठी सगळीकडे 6500 केल्विन सांगतात (हा आकडा जितका मोठा तितका पांढरा निळसर), पण छापील प्रूफ 5000 केल्विनच्या दिव्याखाली पाहायचे असते आणि 6500 चा पडदा त्याच्याशेजारी निळा वाटतो. म्हणून शेजारी ठेवून पाहण्यासाठी मी 5800 च्या आसपास थांबतो. तत्त्वनिष्ठ मंडळींना हे रुचत नाही. मग पडद्यावर एकामागून एक रंगांचे चौकोन येत राहिले, यंत्र ते मोजत राहिले आणि शेवटी प्रोफाइल तयार झाले.

"अहो साहेब, पडदा पिवळा पडला की!" शेठ म्हणाले. डोळे निळसर पांढऱ्याला सरावलेले असले की असे होतेच. चहा होईपर्यंत त्यांची तक्रार विरली. मग फोटोशॉपमध्ये आमच्या मशीनचे प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईत रंग कसे उतरतील याचा पडद्यावरचा नमुना, दाखवले आणि प्रूफचा कागद शेजारी, आम्ही नेलेल्या दिव्याखाली धरला. दोन्ही रंग जुळले. आता शेठचा राग पडद्यावरही तेवढाच होता.

त्यांनी साडी उलगडली. रेशमातला राणी रंग प्रूफपेक्षा उजळ होता, हे मान्यच करावे लागले. चार शाईंच्या छपाईत ते तेज उतरत नाही आणि कॅलिब्रेशनने, म्हणजे पडदा असा मोजून जुळवल्याने, शाई बदलत नाही. त्यात ही पैठणी धूपछावीची. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. घडी जरा कलली की गुलाबीतून जांभळी छटा डोकावे. "शेठ, यातला कोणता छापू?" मी विचारले. त्यांनी निऱ्या हातात धरून खिडकीचा पडदा पुन्हा उघडला, बराच वेळ पाहिले आणि एका घडीवर बोट ठेवले.

त्या घडीजवळ जाण्यासाठी मुखपृष्ठावर पाचवी, तेजस्वी गुलाबी शाई वापरायचे आणि आतली पाने चार शाईंतच छापायचे ठरले. जादा शाईचे पैसे कोणी द्यायचे यावरची घासाघीस मात्र कॅलिब्रेशनपेक्षा जास्त वेळ चालली आणि शेवटी निम्म्या-निम्म्यावर तुटली.