'विनाकारण मारलं' असं रजिस्टरमध्ये लिहू नका

गतिमंद प्रौढांच्या निवासी गृहात "आज विनाकारण मारलं" ही नोंद कुणाच्याच कामाची नसते. तीन रकाने हवेत: आधी काय चाललं होतं, त्या रहिवाशाने नेमकं काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. 'चिडला' नको. 'संध्याकाळी ७.४०, ताट यायच्या आधी, शेजारच्याचा दंड चावला' असं हवं. दोन-तीन आठवडे नीट लिहिलं की वेळा दिसू लागतात: ड्युटी बदलताना, आंघोळीला नेताना, जेवणाच्या रांगेत. ठाणे शहरात जुलैच्या पावसात रोजची फेरी बुडते, विसर्जनाला रस्त्याकडच्या खोलीत ढोल-ताशा घुमतो. अशा दिवसांची तयारी आदल्या दिवशीच करायची.

सगळ्यात जास्त गफलत तिसऱ्या रकान्यात होते. ओरडल्यावर गप्प करायला बिस्कीट दिलं की ओरडणं हाच बिस्कीट मागायचा रस्ता होतो. चापट मारल्यावर काम काढून घेतलं, तर उद्याची चापट ठरलेली. त्यापेक्षा 'नको' सांगायचं चित्रकार्ड त्याच्या हाताशी ठेवा, आणि सुरुवातीला त्याने कार्ड दाखवलं की दर वेळी काम लगेच थांबवा. दिवसाच्या मावशींनी पाळलं आणि रात्रपाळीच्या दादांनी नाही, तर सगळं पाण्यात. जुना मार्ग बंद झाला की त्रास आधी काही दिवस वाढतो. नेमकी तेव्हाच माघार घेतली, तर जास्त जोरात मारायचं एवढंच तो शिकतो.

वागणं अचानक बदललं तर आधी शरीर तपासा: दाढ, कान, बद्धकोष्ठता, पाळी. शौचाची नोंद रोजची हवी. फिटसाठी लेव्हेटिरासिटाम नव्याने सुरू झालं असेल तर डॉक्टरांना कळवा. चिडचिड हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. गोळी मात्र परस्पर बंद करायची नाही, फिट वाढतात.

चावा धरला तर हात हिसकू नका, कातडी फाटते. हात किंचित तोंडाकडेच दाबून स्थिर ठेवा आणि जबडा सैल होताच काढा. केस धरले तर त्याची मूठ दोन्ही हातांनी आपल्या डोक्याशी दाबून धरा. बोलायचं एकानेच, दोन-चार शब्दांत. पालथं पाडून पाठीवर बसणं कधीही नाही, श्वास कोंडून माणूस दगावतो. खोलीत कोंडणंही नाही. अमानुष वागणुकीपासून संरक्षण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे.

शांत झाल्यावर निदान तासभर जाब विचारू नका, कामाला लावू नका. अंगातला ताण उतरायला वेळ लागतो, दुसरा भडका बहुतेकदा तेव्हाच उडतो. पाणी द्या, गर्दी हटवा आणि ड्युटी संपायच्या आत तिन्ही रकाने भरा.